हरकत नसल्यास मंजूर

सासूबाईंचा पितळी खलबत्ता आम्हा दोघी जावांत सामाईक होता. खल माझ्याकडे वरच्या मजल्यावर असायचा आणि बत्ता खाली सुहासिनीवहिनींच्या दिवाणखान्यात. दाण्याचं कूट करायची वेळ आली की मी जिन्यातून हाक मारायची, "वहिनी, सभा संपली असेल तर बत्ता पाठवा." खालून उत्तर यायचं, "एक ठराव बाकी आहे, थांब." मी थांबायची. एरंडवण्यातल्या त्या गल्लीत कुटासाठी जगाचे ठराव संपायची वाट बघणारी मी एकटीच असेन.

वहिनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. नोकरी संपायला बरीच वर्षं असताना त्यांनी ती सोडली आणि तळमजल्यावरच्या पुढच्या खोल्यांत एक संस्था काढली. फाटकावर पाटी लागली, 'वन्यजीव धोरण अभ्यास मंडळ'. आमच्या ह्यांनी ती वाचून विचारलं की वन्यजीवांना हे धोरण कळवलंय का. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती नव्वदच्या पुढची वर्षं. गल्लीतला जो तो एकतर बंगला बिल्डरला देत होता, नाहीतर मुलगा अमेरिकेला पाठवत होता. मी ट्रंक एक्स्चेंजला ऑपरेटर होते. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले, लोक आपापले नंबर आपणच फिरवू लागले आणि आमच्या कानांवरचे हेडफोन उतरले. मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथे काम थोडं, त्यामुळे घरी लवकर यायची आणि खाली काय चाललंय ते पाहायला मला वेळच वेळ असायचा.

खाली काय चालायचं ते वहिनींनी मला एकदा नीट समजावून सांगितलं होतं. कुठल्या प्राण्याचं कातडं, दात, पीस, कवच एका देशातून दुसऱ्या देशात विकायचं आणि कुठल्याचं नाही, हे सगळे देश एकत्र बसून ठरवतात. त्यासाठी करार आहे, परिषदा भरतात, त्यांचे नियम असतात. आपली मुलं जंगलात फिरायला तयार असतात, पण ह्या बैठकांत बसायला कुणी तयार नसतं. "वाघाचं काय व्हायचं ते जंगलात ठरत नाही सत्यशीला, टेबलावर ठरतं," असं त्या म्हणायच्या. हे त्या दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगायच्या, दूधवाल्यालाही.

दरवर्षी पाचसात मुलं निवडायच्या. त्यांनी वर्षभर एकेका प्राण्याचा आणि त्याच्या व्यापाराचा अभ्यास करायचा. वर्षाअखेर त्यातल्या एकाला जिनिव्हातली एक संस्था सहा महिने इंटर्न म्हणून बोलवायची. तिकीट, राहणं, खाणं सगळं त्यांचं. इंटर्नशिप म्हटलं की आमच्या गल्लीला तेव्हा फक्त डॉक्टरकीची आठवायची. समोरच्या बाईंनी वहिनींना विचारलंही होतं की जिनिव्हाला जनावरांचा दवाखाना मोठा आहे का.

शनिवारी दुपारी सभा भरायची. हे वहिनींचं खरं शिकवणं. प्रत्येक मुलासमोर एका देशाच्या नावाची पाटी असायची. बोलायचं असेल त्याने पाटी उभी करायची. अध्यक्ष वहिनी. मसुद्यातला एकेक परिच्छेद वाचायचा, मग मान वर करून विचारायचं, "हरकत?" क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "हरकत नसल्यास मंजूर." की बत्त्याचा ठोका पडला. परिषदेत हातोडी असते म्हणे. आमच्याकडे सासूबाईंचा बत्ता. त्या बाईंनी जन्मभर वेलदोडे कुटले, त्यांना कुठली कल्पना असणार.

ठोका पडला की विषय संपला. पुन्हा उघडायचा नाही. ह्या नियमावर वहिनींचा भारी जीव. नवीन मूल आलं की पहिल्याच शनिवारी त्याला बजावून सांगायच्या, "इथे गप्प बसलात तर तुमचा होकार धरला जाईल. लाजायचं घरी. बाहेर लाजून बसलात तर देशाच्या नावावर होकार लिहिला जाईल आणि मग कितीही हळहळलात तरी उपयोग नाही." मुलं घाबरून उगाचच पाट्या उभ्या करायची.

मी एकदा त्यांना म्हटलं होतं की आम्ही ऑपरेटर लोक आयुष्यभर लाइनवरची शांतता ऐकत आलो, ती काही एका प्रकारची नसते. कुणी पेन्सिल शोधायला गेलेलं असतं, कुणी रडू आवरत असतं, कुणाला समोरच्याचं म्हणणं पटलेलं नसतं. आणि कधी लाइनच तुटलेली असते. वहिनी म्हणाल्या, "आंतरराष्ट्रीय परिषद म्हणजे ट्रंक कॉल नव्हे."

शर्मिला ओव्हाळ आली ती दोन हजार सालाच्या आसपास. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायची. वडील धोंडिबा कारखान्यात कामगार, आई सुंदराबाई घरी. घरात एमएस्सी झालेली ती पहिलीच. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली, कमी बोलणारी. चपला जोडीने भिंतीला लावून ठेवायची, बाकीची मुलं दारातच उधळायची, एवढ्यावरून ती मला आवडली.

तिचा विषय मांडूळ. मला आधी हसू आलं. हा साप गरीब, विष नाही, शेपूट तोंडासारखी बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. तो घरात ठेवला की गुप्तधन सापडतं, अशी समजूत. त्यामुळे तो पकडून चोरून विकतात, आणि तिचं म्हणणं होतं की ही विक्री आता जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर, देशाबाहेर चालली आहे आणि वाघ-हत्तींच्या गडबडीत ह्याच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. पोलिसांनी पकडलेली मांडुळं कात्रजच्या सर्पोद्यानात यायची. रविवारी ती तिथे जाऊन बसायची. कुठून आला, किती लांब, कुणी जखम केली, सगळं विचारून यायची आणि सोमवारी वहिनींना सांगायची. सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की मीसुद्धा कपडे वाळत घालायचं सोडून ऐकत उभी राहायची.

सभेत तिच्याकडे केनियाची पाटी असायची. केनियाच्या वतीने ती कुणाचंही ऐकून घ्यायची नाही. एकदा हस्तिदंतावरून तिने जपानला, म्हणजे दिग्विजयला, असं धारेवर धरलं की त्याने पाटी आडवी करून पाणी मागितलं. पण सभा संपून चहा आला की सगळ्यांचा घेऊन झाला तरी हिचा कप भरलेला नसायचा आणि ही मागायची नाही. स्वतःसाठी काही मागायची तिला सवयच नव्हती. वहिनींना ह्यातलं केनियाचं तेवढं दिसायचं.

दिग्विजय अमरावतीचा. वडील पाटबंधारे खात्यात मोठ्या हुद्द्यावर, शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, मोटारसायकल, आणि बोलणं एकदम गोड. वर येऊन "काकू, पोहे आहेत का" विचारायचा आणि खाऊन झाल्यावर बशी विसळून ठेवायचा. त्याच्यावर राग धरणं कठीण. पुढे जे झालं त्यानंतरही मला ते पुरतं जमलं नाही.

त्या वर्षी जिनिव्हासाठी शर्मिलाचं नाव निघालं. कुणाला नवल वाटलं नाही. दिग्विजयनेच पेढे आणले. तिच्या घरी परवानगी विचारायला वहिनी खडकीला निघाल्या आणि सोबतीला मला घेतलं. दोन खोल्यांचं क्वार्टर, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खुर्च्या शेजारून आणलेल्या. धोंडिबांनी सगळं ऐकून घेतलं. तिथली थंडी, राहणं, सोबत कोण, सगळं विचारलं. मग म्हणाले, "जाऊ द्या. शिकिवली कशापायी मग तिला." शर्मिला आतल्या दाराशी उभी होती. तिने पदर नव्हता म्हणून ओढणी डोळ्यांना लावली.

वहिनींनी तिथेच थांबायचं होतं. पण त्यांना उत्साह आवरत नाही. त्या म्हणाल्या की जायच्या आधी दोन महिने शर्मिलाला आमच्याकडे राहू द्या, इंग्रजी सुधारेल, काट्याचमच्याने जेवायची सवय होईल, थोडं वागणंबोलणं कळेल. धोंडिबा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि खिडकीबाहेर पाहत बसले. वहिनी म्हणाल्या, "मग ठरलं तर."

निघताना सुंदराबाई आम्हाला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, राहण्याचं न्हाई म्हणालेत ते."

"म्हणाले कुठे? काहीच बोलले नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"आमच्यात मोठ्या माणसाच्या तोंडावर न्हाई म्हणत न्हाईत. गप बसत्यात. हो असलं की बोलून दावत्यात. पोरीचं बी तसंच हाय."

रिक्षात वहिनी खडकीपासून घरापर्यंत हसत होत्या. आणि पुढच्या शनिवारी त्यांनी हे सभेत सांगितलं. नाव न घेता, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. 'गप्प बसणं म्हणजे नकार' अशी पद्धत असलेली माणसं आपल्याकडे आहेत, जिनिव्हात असं केलंत तर काय होईल, म्हणून उदाहरण. मुलं हसली. मी चहा घेऊन दारात उभी होते. शर्मिला हसली नाही, केनियाच्या पाटीची कड बोटाने साफ करत राहिली. त्या दिवशी मी वहिनींना चांगलंच बोलले. त्या म्हणाल्या, "अगं, शिकवण्यासाठी सांगितलं. त्यात काय एवढं."

शर्मिलाचं आमच्याकडे राहायला येणं बाजूलाच राहिलं. मग पासपोर्ट अडला. ओव्हाळांना मधल्या काळात दुसरं क्वार्टर मिळालं होतं. चौकशीचे कागद जुन्या पत्त्यावर गेले आणि परत फिरले. शर्मिला हेलपाटे घालत होती. तेवढ्यात जिनिव्हाहून फॅक्स आला की येणाऱ्याचं नाव सोमवारपर्यंत पक्कं कळवा. वहिनींचा जीव टांगणीला लागला. जागा फुकट गेली तर पुढच्या वर्षी पुण्याला विचारतील की नाही, ही त्यांची भीती. दिग्विजय आईवडिलांबरोबर सिंगापूरला जाऊन आलेला, त्याचा पासपोर्ट तयार होता.

त्या शनिवारी मी साताऱ्याला लग्नाला गेले होते. परत आल्यावर दिग्विजयकडून आणि पुढे वहिनींकडून मला सगळं कळलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

वहिनींनी शर्मिलाला बाजूला घेऊन विचारलं नाही. त्यांना ते आडून केल्यासारखं वाटलं. आपण रीतसर, सगळ्यांसमोर, नियमाने करू, म्हणजे कुणावर अन्याय होणार नाही, असं त्यांच्या मनात. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मी आजही शपथेवर सांगेन. सभेच्या शेवटी त्यांनी अध्यक्षाच्या खुर्चीतून विषय मांडला. पासपोर्टचं असं झालं आहे, तेव्हा ह्या खेपेला शर्मिलाऐवजी दिग्विजय जाईल, शर्मिला पुढच्या वर्षी. मग शर्मिलाकडे बघून विचारलं, "हरकत?"

शर्मिलाने खाली टेबलाकडे पाहिलं. तिचा हात पाटीवर होता. पाटी आडवीच राहिली. वहिनी नेहमीपेक्षा जास्त थांबल्या. स्वतःच मला म्हणाल्या, "मी चांगली थांबले गं." मग म्हणाल्या, "हरकत नसल्यास मंजूर," आणि बत्ता ठोकला. सोमवारी फॅक्स गेला.

दिग्विजय विमानात बसायच्या आधीच शर्मिलाचा पासपोर्ट आला. तिने तो आणून वहिनींना दाखवला. वहिनी म्हणाल्या, "वा, पुढच्या वर्षीची सोय झाली." ती बरं म्हणाली आणि चपला घालून गेली. वर्ष पुरं होईपर्यंत ती प्रत्येक शनिवारी आली, केनियाच्या वतीने बोलली आणि मग यायची बंद झाली.

पुढचं वर्ष काही उजाडलंच नाही. जिनिव्हावाल्यांचा पैसा दुसरीकडे वळला आणि त्यांनी इंटर्नशिप गुंडाळली. त्या दिवसांत पुण्याच्या भिंतीभिंतीवर कॉम्प्युटरच्या कोर्सच्या जाहिराती होत्या. शर्मिलाने त्यातला एक केला आणि हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागली. मांडुळाच्या व्यापाराबद्दल परदेशात कुणी काही बोललं नाही. दिग्विजयला तिथे कायद्याच्या कामाला लावलं होतं, त्याचा सापांशी संबंधच आला नाही. पेपरात मात्र मांडूळ पकडल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आज ह्या जिल्ह्यात, उद्या त्या. वहिनी त्या मोठ्याने वाचायच्या आणि म्हणायच्या, "एवढी हुशार पोरगी. पगारासाठी गेली."

मी म्हणायची, "वहिनी, तिला जायचं होतं."

"जायचं होतं तर बोलली असती. मी सगळ्यांसमोर विचारलं होतं."

हा संवाद आमच्यात इतक्या वेळा झाला की आमचे हे जिन्यातूनच दोघींचं बोलणं म्हणून दाखवायचे. पुढे वहिनींनी आयटीवर राग धरला. कुणाचा मुलगा हिंजवडीला लागला की त्या अभिनंदन करायच्या आणि पाठ वळली की म्हणायच्या, "अजून एक गेला." दरवर्षी मुलं कमी होत गेली. एका वर्षी तर सभेला मुलांपेक्षा पाट्या जास्त झाल्या. वहिनींनी तरी सभा घेतली.

बऱ्याच वर्षांनी दिग्विजय भेटायला आला. आता तो एका परदेशी कंपनीत पर्यावरणाचा सल्लागार होता, पोट सुटलं होतं, बोलणं तसंच गोड. पोहे मी केले. बोलता बोलता जिनिव्हाचे दिवस निघाले. तो सहज म्हणाला की तिथल्या बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सापांवर काम करणारी मुलगी का नाही आली? पासपोर्टचं कारण ऐकून त्या हळहळल्या होत्या. आम्हाला कळवलं असतं तर महिनाभर थांबलो असतो, म्हणाल्या.

वहिनींच्या हातातला कप तसाच राहिला. "मी विचारलंच नाही त्यांना," त्या म्हणाल्या. मग स्वतःला सावरून म्हणाल्या, "पण शर्मिलाची तरी कुठे हरकत होती?"

दिग्विजयने बशी खाली ठेवली. "मॅडम, ती नाही म्हणाली होती. गप्प बसली ना. तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं तिच्या घरची पद्धत. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं."

"मग तू का नाही बोललास?"

"मला जायचं होतं," तो म्हणाला. तो मान खाली घालून बसला होता. त्या दिवशी त्याने बशी विसळली नाही.

तो गेल्यावर वहिनी दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून होत्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचं जेवणावर लक्ष नव्हतं. मधेच म्हणायच्या, "तिच्या आईने दारात सांगितलं होतं गं मला. आणि मी त्यावर हसले." खोटं समाधान करायचा माझा स्वभाव नाही, आणि खरं तर त्यांना आता कळलंच होतं.

मग त्यांच्या मनाने घेतलं की मंडळ शर्मिलाच्या हाती द्यायचं. खोल्या, पुस्तकं, इतक्या वर्षांची ओळखपाळख, सगळं. तिने नोकरी सांभाळून करावं, हवं तर मांडुळापासूनच सुरुवात करावी. मी म्हटलं, वहिनी, आधी माफी मागा, मग देणंघेणं बघू. त्या म्हणाल्या, दोन्ही एकदमच करते. त्यांचं असंच. चांगली गोष्ट करायला निघाल्या की त्यांना धीर धरवत नाही.

रविवारी सकाळी आम्ही वाकडला तिच्या घरी गेलो. उंच इमारत, लिफ्ट, स्वच्छ घर. धोंडिबा वारले होते, त्यांचा फोटो हॉलमध्ये होता. सुंदराबाई लेकीकडेच राहत होत्या. त्यांनी आम्हाला लगेच ओळखलं आणि खुर्च्या पुढे केल्या. शर्मिला अंगाने भरली होती, चष्मा लागला होता, कंपनीत हाताखाली माणसं होती. नवरा बाजारात गेला होता. तिने स्वतः चहा केला आणि आमच्याबरोबर बसून प्याली.

वहिनींनी माफी मागितली. मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगली मागितली. भाषण केलं नाही. म्हणाल्या, "तू तेव्हा नाही म्हणालीस आणि मी ऐकलं नाही. तुझी जागा मी घालवली." सुंदराबाई आत निघून गेल्या. शर्मिला म्हणाली की मॅडम, असू दे, आता फार दिवस झाले. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर वहिनींना बरं वाटलं असतं.

मग वहिनींनी मंडळाचं काढलं. खोल्या, पुस्तकं, सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "घेशील ना?"

"नाही, मॅडम," शर्मिला म्हणाली.

ती इतकी सरळ म्हणाली की वहिनी माझ्याकडे बघू लागल्या.

"मला ते काम फार आवडायचं," ती म्हणाली. "कात्रजला जायचे त्या रविवारांसारखं पुन्हा कशातच मन लागलं नाही. पण आता नाही करायचं मला. त्या वर्षी जायचं होतं. पासपोर्ट हातात होता तेव्हाही वाटत होतं, तुम्ही अजून म्हणाल, तूच जा."

"एक शब्द बोलली असतीस गं," वहिनी म्हणाल्या. त्यांना ते बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"तुमच्या तोंडावर? माझ्याच्याने झालं नसतं. पण आईने तुम्हाला आमचं सांगितलं होतं. तुम्ही ते सगळ्यांना गंमत म्हणून सांगितलंत, तेव्हा मी समोरच होते. वाईट वाटलं होतं. पण मी म्हटलं, चला, निदान आता मॅडमना तरी कळलंय. त्या शनिवारी मी त्याच भरवशावर गप्प बसले."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. वहिनी हात जोडल्यासारखे मांडीवर धरून बसल्या होत्या. मला राहवलं नाही. मी शर्मिलाला विचारलं की मग आता अशी तोंडावर नाही म्हणायला कधी शिकलीस.

ती थोडी हसली. "कंपनीत. पहिल्याच वर्षी. चूक दिसली की मॅनेजरच्या तोंडावर सांगायची, तेच तर आमचं काम. मी गप्प बसायची, तर माझी टीम लीड रोज संध्याकाळी मला समोर बसवून विचारायची, 'बोल, काय पटलं नाही?' मी बोलेपर्यंत उठायची नाही. कितीतरी दिवस लागले मला."

तिने आम्हाला खाली रिक्षापर्यंत पोचवलं, वहिनींना हात धरून बसवलं, घरी पोचलात की फोन करा म्हणाली. इतक्या वर्षांत मी वहिनींना रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. त्या रिक्षात रडल्या, तोंडावर पदर न घेता. विद्यापीठाच्या चौकात रिक्षा अडकली, रिक्षावाला आरशातून बघत होता, त्यांना त्याचं भान नव्हतं.

"रोज समोर बसवून विचारायची म्हणे," त्या म्हणाल्या. "सत्यशीला, ते माझं काम होतं गं. मी तिला केनियासाठी बोलायला शिकवलं."